अर्धी गच्ची पांढरी, अर्धी काळी: नागपूरच्या एका वरच्या मजल्याची उन्हाळ्यातली केस

मे महिन्याचं बिल आलं 548 युनिटचं आणि घरात दोन पार्ट्या पडल्या. बायको म्हणे वरच्या दुसऱ्या खोलीत पण एसी बसवू, बिल तर असंही येतंच आहे. बाबा म्हणे एसीच काढून टाका, आम्ही काय एसीत वाढलो का. मी मधे. दुकानात जाऊन दीड टनाचा भाव काढून आलो, फिटिंग आणि स्टॅबिलायझर धरून 42 हजार सांगितले, आणि परत येताना गाडीवर डोक्यात एकच गोष्ट फिरत होती की आहे तो एसी रात्री 8 ला लावला तरी खोली 11 पर्यंत थंड होत नाही, मग दुसरा लावून काय वेगळं होणार आहे?

आधी घर सांगतो, म्हणजे तुमच्या घराशी ताडून बघता येईल. नागपूरला लेआउटमधलं स्वतःचं घर, खाली आईबाबा, वर आम्ही. वर दोन खोल्या, एक पश्चिमेची बेडरूम आणि एक पूर्वेची खोली जिथे मुलगा झोपतो. स्लॅब साधारण 750 स्क्वेअर फूट, साधा सिमेंटचा, वर काहीही नाही, ना चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांचा थर) ना कोबा. मूळचा राखाडी पण इतक्या पावसाळ्यांचं शेवाळ बसून बसून काळपट झालेला. एक एसी बेडरूममध्ये, एक कूलर पूर्वेच्या खोलीत, चार जुने पंखे, फ्रीज, टीव्ही, इन्व्हर्टर. म्हणजे अगदी कोणाचंही घर.

आता खरं सांगायचं तर माझा पहिला प्रयोग फसला होता आणि त्यात 3800 रुपये गेले. ते आधी सांगतो कारण त्यातूनच पुढचं सगळं सुचलं.

गोडाऊनच्या टिनाखाली ती चकचकीत बबलवाली शीट लावतात ना, एका बाजूने चांदीसारखी, ती मी बेडरूमच्या छताला आतून गम लावून चिकटवली. दुकानदार म्हणाला पाच-सहा डिग्री फरक पडतो. मी एक टेंपरेचर गन मागवली होती, 1200 ची, लेझरवाली. (करोनातली कपाळावर धरायची गन यासाठी चालत नाही बरं का, ती फक्त अंगाच्या तापापुरती असते, तापलेल्या स्लॅबवर धरली की नुसतं हाय हाय दाखवते.) शीट लावली, संध्याकाळी गन मारली तर 33! शेजारच्या खोलीचं छत 42 आणि हे 33. मी घरभर सांगत सुटलो. रात्री झोपलो तर तीच भट्टी. बायको म्हणाली तुझी गन थंड झाली असेल, खोली नाही झाली.

दोन दिवस डोकं खाजवलं मग कळलं. ही गन वस्तूला हात लावत नाही, वस्तूतून बाहेर पडणारे उष्णतेचे किरण मोजते, आणि चकचकीत धातू स्वतःचे किरण फार कमी सोडतो, उलट समोरच्या वस्तूंचेच परत फेकतो. म्हणजे माझी गन छत मोजतच नव्हती, खालची फरशी आणि पलंग मोजत होती आरशात बघितल्यासारखे. शीटवर वायरिंगच्या काळ्या टेपचा एक तुकडा चिकटवला, पाच मिनिटं थांबलो आणि टेपवर गन मारली. 41. संपला विषय. आणि शीटने काम का केलं नाही तेही तिथेच समजलं, ती चांदी उपयोगी पडते ती समोर हवेची पोकळी असेल तर, टिनाच्या शेडमध्ये पत्रा आणि शीट यांच्यात जागा असते म्हणून चालते. मी गमाने स्लॅबलाच चिपकवली होती, म्हणजे उष्णता सरळ हात धरून खाली. महिनाभरात एक कोपरा सुटला आणि एका दुपारी अख्खी शीट पलंगावर आली. नशीब कोणी झोपलं नव्हतं.

पण एक फायदा झाला, हातात गन होती आणि मोजायची सवय लागली. मग पुढच्या उन्हाळ्यात ठरवलं की आता काही विकत घ्यायचं नाही, आधी उष्णता कुठून घरात शिरते ते बघायचं. मार्च संपता संपता आठ दिवस वहीत लिहिलं, दिवसातून चार वेळा, छत, चारही भिंती, खिडकीची काच. आणि दिसलं ते असं की दुपारी 2 ला वरून स्लॅब 60 च्या पुढे असतो पण आतून छत तेव्हा 37-38 च असतं. खरी मजा संध्याकाळी. बाहेर ऊन उतरलं, हवा जरा बरी झाली, आणि आतून छत चढतंय, 40, 41, सात-साडेसातला 42. पाच इंचाचं काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि त्या उन्हाला खाली झिरपायला, माझ्या वहीतल्या आकड्यांवरून, पाच-सहा तास लागतात. म्हणजे आपण रात्री 8 ला एसी लावतो तेव्हा तो खोलीची हवा थंड करत नसतो, दुपारी 2 चं ऊन बाहेर काढत असतो. 70 चौरस मीटरची गरम तव्यासारखी वस्तू डोक्यावर आणि एसी बिचारा एकटा.

दुसरा गुन्हेगार निघाली पश्चिमेची भिंत आणि तिच्यातली स्लायडिंग खिडकी. बाकी तिन्ही भिंती मिळून काही विशेष नव्हतं.

बाबांचा उपाय जुना होता, संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, गोणपाट ओले करून टाकायचे. उपाय खोटा नाही अजिबात, एक लिटर पाणी उडून जाताना साधारण 0.65 युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जातं, कूलर त्याच्यावरच तर चालतो. पण मे महिन्यात नागपुरात रोज गच्चीवर ओतायला पाणी आणायचं कुठून, आणि सहाला पाणी मारलं तर दुपारभर जे आत शिरलं ते शिरलंच. ऊन आत शिरूच नये असं काहीतरी पाहिजे होतं, म्हणजे गच्ची पांढरी करणे. अहमदाबादला 2017 पासून वस्त्यांमधल्या घरांची छपरं चुन्याने पांढरी करायचं काम महापालिकेने घेतलंय, तेलंगणाने तर 2023 मध्ये थंड छतांचं धोरणच काढलं, त्यामुळे कल्पना काही माझी नाही. एका पेंट कॉन्ट्रॅक्टरला विचारलं, तो म्हणाला वॉटरप्रूफिंगसकट हीट रिफ्लेक्टिव्ह कोटिंग करून देतो, आकडा ऐकून मी चहा पाजून त्याला पाठवून दिलं. चुनाच मारू म्हटलं.

आणि इथे मी एक शहाणपणा केला, माझ्या आयुष्यात असे कमीच आहेत. अर्धीच गच्ची रंगवली. बेडरूमवरची अर्धी पांढरी, मुलाच्या खोलीवरची अर्धी काळी तशीच. कारण अख्खी रंगवली असती तर फरक पडला की त्या आठवड्यात ढगच आले होते हे कळलंच नसतं. आता एकाच दिवशी, एकाच उन्हात, दोन्ही स्लॅब शेजारी शेजारी. शेजारचे काका त्यांच्या गच्चीवरून ओरडले, "काहून रे भाऊ, पैसे संपले का अर्ध्यातच?" मी म्हटलं काका प्रयोग आहे. ते म्हणाले, "प्रयोग काय, चुना लावून राहिला स्वतःलेच."

चुन्याचं प्रकरण नीट सांगतो, कारण इंटरनेटवर दोन ओळीत सांगतात आणि तिथेच लोक फसतात. तयार फक्की (विझवलेल्या चुन्याची पूड) मिळते ती सोपी, मी कळीचा चुना घेतला कारण हार्डवेअरवाला म्हणाला तो जास्त धरतो. 25 किलो. तो लोखंडी ड्रममध्ये आदल्या रात्री भिजवला. प्लॅस्टिकच्या बादलीत करू नका, पाणी पडलं की चुना फसफसून उकळतो, बादली मऊ पडते. आणि चुना पाण्यात टाकायचा थोडा थोडा, लांब उभं राहून, डोळ्याला गॉगल आणि हातात रबरी मोजे हे पाहिजेच, डोळ्यात उडाला तर थट्टा नाही. लहान मुलं आणि मांजर त्या रात्री खालीच. सकाळी तो कापडाने गाळला, त्यात 10 किलो व्हाइट सिमेंट आणि 2 किलो फेविकॉल डीडीएल (चुना धरून ठेवणारा गोंद), तेही एकदम सगळं नाही, जेवढं तासाभरात संपेल तेवढ्याच चुन्यात तेवढंच, कारण सिमेंट घट्ट व्हायला लागतं. ताकासारखं पातळ. दाट केलं की दोन आठवड्यात पापुद्रे.

त्याआधी गच्ची तारेच्या ब्रशने घासून शेवाळ काढणे, हे खरं काम, चुना मारणं काहीच नाही. दोन रविवार गेले आणि कंबर गेली. भेगा पण तेव्हाच भरून घेतल्या, पावसाळ्यात गळण्याआधी. मग संध्याकाळी 5 नंतर स्लॅब पाण्याने ओला करायचा आणि ओल्यावरच पहिला हात मारायचा, कोरड्या गरम स्लॅबवर मारला तर तो पाणी शोषून घेतो आणि चुना नुसती भुकटी होऊन वर बसतो, हात लावला की पांढरा. पहिला हात मारून मी खूप निराश झालो होतो कारण काही दिसतच नव्हतं, राखाडीचं राखाडी. सकाळी उठून बघतो तर लख्ख. ओला चुना दिसत नाही, वाळल्यावर पांढरा होतो, हे आईला माहीत होतं आणि तिने सांगितलं नाही, म्हणे तुझं तोंड बघत होते. तीन दिवस तीन हात, आणि रोज सकाळी हलकं पाणी शिंपडलं. ब्रश धरून सगळा खर्च 1650.

आता आकडे. बाहेर कमाल 42 असलेला एप्रिलमधला एक दिवस घ्या. दुपारी 2 ला काळा अर्धा 61, पांढरा अर्धा 44. टेपचा तुकडा लावून पण बघितलं यावेळी, दुधाने तोंड पोळलं होतं ना. संध्याकाळी साडेसातला आतून, मुलाच्या खोलीचं छत 42, बेडरूमचं साडेछत्तीस. हवेत एवढा फरक नसतो, हवेत पावणेतीन डिग्री, कारण दार उघडं बंद होतं, भिंती आहेत, माणसं आहेत. पण अंगाला जाणवतं ते हवेपेक्षा जास्त, कारण डोक्यावरचा तवा गेला. त्याहून सोपी टेस्ट म्हणजे आई दुपारी अनवाणी वर गेली आणि काळ्यावरून उड्या मारत पांढऱ्यावर येऊन उभी राहिली. मी वही दाखवायच्या आधीच बाबांनी मुलाच्या खोलीवरचा पण मारून टाक म्हणून सांगितलं. मी अजून दहा दिवस थांबवलं त्यांना, आकडे पाहिजे होते, मुलगा दहा दिवस आमच्या खोलीत झोपला.

मग पश्चिमेची खिडकी. आतून जाड पडदा होता आधीपासून, आणि आम्ही समजत होतो की पडदा आहे म्हणजे झालं. गन मारली तर दुपारी 4 ला पडद्याची आतली बाजू 43. ऊन काचेतून आत आलं, पडद्याला तापवलं, आता तो पडदाच हीटर. अडवायचं तर काचेच्या बाहेर. बाहेरून बांबूची चिक टांगली आणि भिंतीसमोर फूटभर अंतर सोडून हिरवी नेट ताणली, 1400 लागले, खाली कुंडीत दोडका लावला जो जूनपर्यंत वर चढला आणि ज्याचे दोडके कोणीच खाल्ले नाहीत. पडदा आता 36-37.

कूलरची एक चूक आमच्याकडे पिढ्यानपिढ्या चालू होती, दार खिडक्या बंद करून कूलर. गार हवा बाहेर जाते म्हणून. अरे पण कूलर आत हवा ढकलतोय, ती जाणार कुठे, तासाभरात खोली दमट होऊन अंग चिकट. समोरची खिडकी चार बोटं उघडी पाहिजे. बाहेर 45 आणि हवा कोरडी असेल तर चांगल्या ताट्यांचा कूलर 28-29 ची हवा फेकू शकतो, एवढं फुकटासारखं थंड करणारं दुसरं काही नाही, आणि ते पण 170-180 वॉटमध्ये. वाळ्याच्या ताट्या नवीन घातल्या, 600. मुंबई-कोकणवाल्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा, तुमच्याकडची हवाच आधीपासून ओली आहे.

आणि रात्रीचं. पहाटे 4 ते 8 सगळ्या खिडक्या आणि जिन्याचं वरचं दार सताड उघडं, गरम हवा जिन्यातून वर निघून जाते, 9 ला सगळं बंद आणि चिक खाली. हे आजी करायची. आम्ही नवीन घरात आल्यावर उलटं करायला लागलो होतो, दुपारी हवा यावी म्हणून उघडायचं आणि रात्री चोराच्या भीतीने बंद. जाळीचं दार बसवून घ्या हवं तर.

विजेच्या बाजूला मी एकच हत्यार वापरलं, मीटरवरचा लाल दिवा. मीटरवर लिहिलेलं असतं, आमच्यावर 3200 इम्पल्स आहे, म्हणजे 3200 वेळा दिवा मिचकला की एक युनिट. मिनिटात किती वेळा मिचकतो ते मोजायचं आणि 18.75 ने गुणायचं, तेवढे वॉट चालू आहेत. 1600 वालं मीटर असेल तर 37.5 ने. जुना पंखा एकटा चालू ठेवला, मिनिटाला 4, म्हणजे 75 वॉट. एसी फुल चालू असताना 80 च्या आसपास, म्हणजे दीड हजार. मग फ्रीजसकट घरातलं सगळं बंद केलं तरी दिवा मिनिटाला दोनदा मिचकतोच आहे. 37 वॉट, कोणासाठी? सेट टॉप बॉक्स, राउटर, इन्व्हर्टरचं चार्जिंग. दिवसरात्र धरलं तर महिन्याला 27 युनिट, काहीच न करता. सेट टॉप बॉक्स आता बोर्डावरून बंद होतो, इन्व्हर्टरला हात लावला नाही, उन्हाळ्यात लाइट जाते आमच्याकडे.

जास्त चालणारे दोन पंखे बदलून बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, घेतले, 5600 दोन्हीचे. तेच वारं 28-30 वॉटमध्ये, दिवसाला 16 तास धरले तर एका पंख्याचे महिन्याला 21-22 युनिट वाचतात. मीटरवर मोजून बघितलं, दोन मिनिटात 3 मिचकले. मेन बंद करून मीच बसवले, फक्त जुना रेग्युलेटर काढून टाकावा लागतो, ह्या पंख्यांना तो चालत नाही. रिमोट मात्र सोफ्यात हरवतो, ते वेगळं.

त्या वर्षीचं मेचं बिल 352 युनिट. 196 कमी. ह्यातले दीडशेच्या आसपास एसीचे असावेत, कारण तो 8 ला लावायचो तो आता 11 ला लावतो, 24 वर ठेवतो आणि 3 ला टायमरने बंद होतो, आणि चाळीसेक पंख्यांचे. दोन वर्षांचं ऊन सारखं नसतं हे मान्य, म्हणून मी बिलापेक्षा त्या अर्ध्या-अर्ध्या गच्चीच्या आकड्यांवर जास्त विश्वास ठेवतो. पण रुपयांमध्ये गंमत अशी आहे की आपल्याकडे दर टप्प्याटप्प्याने चढतो, पहिले 100, मग 300 पर्यंत, मग 500 पर्यंत, मग त्याच्यावर, आणि वाचवलेले युनिट नेहमी सगळ्यात वरच्या महाग टप्प्यातून कमी होतात. त्यामुळे त्या एका महिन्यात तीन हजारांच्या वर फरक पडला. एकूण खर्च गन धरून 10,450. फसलेली शीट धरली तर 14,250, आणि ती धरायलाच पाहिजे असं बायकोचं म्हणणं.

जे जमलं नाही ते पण सांगतो. चुना पावसाळ्यात टिकत नाही, सप्टेंबरला बघितलं तर एक तृतीयांश धुऊन गेलेला आणि कोपऱ्यात परत शेवाळ. म्हणजे दर मार्चमध्ये एक हात आलाच, पण घासायचं काम पहिल्या वर्षीइतकं नाही, एका सकाळचं आहे. हिवाळ्यात पांढऱ्या गच्चीमुळे खोली जास्त गार पडेल अशी भीती होती, पण डिसेंबरपर्यंत ती तेवढी पांढरी राहतच नाही. नवतप्यात, म्हणजे 25 मेपासूनच्या त्या नऊ दिवसांत, एसी लागतोच, उगाच खोटं बोलत नाही. गच्चीवरची काळी टाकी तशीच आहे, दुपारी नळाला चहाचं पाणी येतं, तिच्यावर शेड करायची राहिली आहे. आणि दुपारी वर गेलं तर डोळे दिपतात, गॉगल लावून कपडे वाळत घालावे लागतात. तुम्ही फ्लॅटमध्ये सगळ्यात वर राहत असाल तर गच्ची सोसायटीची असते, आधी लेखी परवानगी घ्या, आणि वर आधीच चायना मोझॅक असेल तर चुना मारू नका, नुसती घासून धुवा, ती बहुतेक पांढरीच असते.

दुसऱ्या वर्षी मी अख्खी गच्ची पांढरी करायला निघालो तर आईने अडवलं. कुरडया आणि सांडगे पांढऱ्या बाजूला वाळायला एक दिवस जास्त घेतात म्हणे, तिने पण मोजलं होतं, तिच्या पद्धतीने. त्यामुळे जिन्याच्या डोक्याजवळ, जिथे खाली खोली नाही, एक 10 बाय 8 चा काळा पट्टा सोडलेला आहे. एप्रिलमध्ये त्यावर वाळवण असतं आणि शेजारचे काका अजूनही विचारतात की एवढा पट्टा रंगवायचे पैसे कधी येणार.